मल्लेश्वरम ते एस. पी. रोड : एका जुन्या मदरबोर्डाच्या शोधात

बंगळुरूला जाऊन आलेल्या माणसाला सगळे विचारतात, काय पाहिलंस? काय आणलंस? लालबाग, विधानसौध, म्हैसूर सिल्कची साडी, कॉफीची पूड अशी उत्तरं ठरलेली असतात. गेल्या हिवाळ्यात मी चार दिवस बंगळुरूत होते आणि यातलं एकही उत्तर माझ्याजवळ नाही. ते चारही दिवस मी हिंडले एका जुन्या मदरबोर्डासाठी! हसू नका. त्या हिरव्या पाटीपायी एका घरातल्या चार पिढ्यांची हकिगत अडकून पडली होती.

त्याचं असं झालं. माझी मावशी लग्न होऊन बंगळुरूला गेली, त्याला साठ वर्षं होत आली. तेव्हापासून तिचा मुक्काम मल्लेश्वरममध्येच. काकांचे आजोबा बेळगावहून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी असा तिहेरी संसार. निवृत्त झाल्यावर काकांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. पत्रं पाठवली, बेळगाव-धारवाडपर्यंत फेऱ्या मारल्या, देवळातल्या वह्या चाळल्या आणि ते सगळं स्वतः संगणकावर मराठीत टाइप केलं. २००३ साली खास त्यासाठीच त्यांनी संगणक घेतला होता. चार वर्षांपूर्वी काका गेले. पुस्तक छापायचं राहूनच गेलं. आणि मागच्या वर्षी एक दिवस मावशीने संगणकाचं बटण दाबलं, तर पंखा एकदा गरगरला आणि थांबला. पुन्हा काही तो सुरू झाला नाही.

मावशीचा फोन आला, ‘‘अगं, यांनी पंधरा वर्षं खपून लिहिलंय. ते त्या डब्यात आहे. मी डोळे मिटायच्या आत ते कागदावर आलेलं बघायचंय मला.’’

दुसऱ्याच आठवड्यात मी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस पकडली.

चाफ्याच्या रस्त्यावर

मल्लेश्वरम म्हणजे बंगळुरूचं दादर किंवा सदाशिव पेठ म्हणा ना! १८९८ साली बंगळुरूत प्लेगने थैमान घातलं, तेव्हा जुन्या पेठांतल्या दाटीतून लोक बाहेर पडले आणि मोकळ्या, आखीव रस्त्यांच्या या उपनगरात येऊन राहिले. आडवे रस्ते ते ‘क्रॉस’ आणि उभे ते ‘मेन’. त्यामुळे इथला पत्ता सांगताना मराठी माणूसही ‘पंधरावा क्रॉस, आठवा मेन’ असा गणिताच्या भाषेतच बोलतो. दोन मोठ्या रस्त्यांना नावं आहेत ती झाडांची. संपिगे म्हणजे चाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुलिंब. सर सी. व्ही. रामन यांचं ‘पंचवटी’ हे घर याच मल्लेश्वरममध्ये. ते ज्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते, ती १९०९ साली स्थापन झालेली संस्थाही इथून जवळच.

सकाळी आठव्या क्रॉसच्या बाजारात जाऊन बघावं. मोगरा, कनकांबर, शेवंती यांच्या हातावर मोजून दिलेल्या माळा, केळीची पानं, कोवळे अवरे म्हणजे आपल्या वालपापडीचे दाणे. मार्गोसा रोडवर ‘वीणा स्टोअर्स’च्या दारात उभ्याउभ्या इडली खाणाऱ्यांची गर्दी, तर सातव्या क्रॉसच्या कोपऱ्यावर ‘सीटीआर’च्या लोणी डोशासाठी रांग. मावशीचा नेम मात्र ठरलेला. आधी काडु मल्लेश्वर, मग कॉफी.

काडु म्हणजे रान. रानातल्या या मल्लेश्वरावरूनच वस्तीला नाव पडलं. आपण मराठी माणसांनी या देवळाला हात जोडावेत याला आणखी एक कारण आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि पुढे ते त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे म्हणजेच एकोजी यांच्याकडे गेलं. याच एकोजींनी या देवाला एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाने दिलेल्या दानाची नोंद साडेतीनशे वर्षांनीही वाचता येते, कारण ती दगडात कोरलेली आहे!

त्या देवळातून परतताना मावशी म्हणाली, ‘‘बघ, दगडावरचं राहिलं. आणि यांनी लिहिलेलं वीस वर्षांत अडकलं.’’ मी काय बोलणार?

अडचण नेमकी कुठे होती?

‘आजी, नवा संगणक घेऊ,’ असं नातवाने केव्हाच सांगितलं होतं. पोरगा हुशार. त्याने जुन्या संगणकातली वीस जीबीची हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडूनही पाहिली. डिस्क ठणठणीत होती. काकांच्या सगळ्या फाइलींची त्याने नक्कल करून ठेवली, हे सगळ्यात शहाणपणाचं काम. पण फाइल उघडली की अक्षरांऐवजी चौकोन, फुल्या आणि उलटेसुलटे स्वर!

जुन्या छापखान्यात काम केलेल्या वाचकांना हे लगेच कळेल. त्या काळी युनिकोड आपल्याकडे रुळलं नव्हतं. मराठी अक्षरजुळणीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली वेगळी सांकेतिक लिपी असायची. शिवाय सॉफ्टवेअरबरोबर आगपेटीएवढा एक ठोकळा मिळायचा, त्याला म्हणायचं डाँगल. तो संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या रुंद खाचेत बसवायचा आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची वायर जोडायची. ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. फुकट नकला मारणाऱ्यांना आळा घालायची ती युक्ती. आजच्या संगणकांना ती रुंद खाचच नसते. नातवाने अक्षरं बदलून देणारा एक प्रोग्रॅम वापरून पाहिला. मजकूर थोडाफार वाचता आला, पण जोडाक्षरं मोडली आणि वंशावळींचे तक्ते पार विस्कटले. कोण कुणाचा मुलगा तेच कळेना! कुलवृत्तांतात तेच तर मुख्य.

तेव्हा वाट एकच उरली. काकांचा जुना संगणक जसा होता तसा एकदा उभा करायचा, डाँगल लावायचं आणि सगळं कागदावर छापून घ्यायचं.

फुगलेल्या डब्या

मावशीच्या गल्लीच्या टोकाला एक अण्णा राहतात. जालहळ्ळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, वय पंच्याहत्तरच्या घरातलं. आजही त्यांच्या खोलीत रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आलेले असतात. मावशीने हाक मारताच ते भिंग आणि रंगाचा ब्रश घेऊन आले. संगणकाचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झाडली आणि मला जवळ बोलावलं.

‘‘इथे बघा अम्मा. या डब्यांची डोकी बघा.’’

प्रोसेसरच्या पंख्याभोवती बोटाच्या पेराएवढी छोटी नळकांडी रांगेने उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर फुलीसारखी खाच. काहींची डोकी सपाट, पण नऊ डब्यांची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली! दोन तर खाचेवर फुटून त्यातून तपकिरी चिकटा बाहेर आलेला. हे कपॅसिटर.

कपॅसिटरचं काम अण्णांनी सोप्या शब्दांत सांगितलं. घरावर पाण्याची टाकी असते ना, तसं हे आहे. नळाचं पाणी कधी जोरात येतं, कधी थांबतं, पण टाकीमुळे आपल्या मोरीत धार सारखी पडते. प्रोसेसरला दीड व्होल्टच्या आसपासची वीज लागते, पण ती अगदी स्थिर हवी. बोर्डावर ही वीज तुकड्यातुकड्यांत तयार होते आणि कपॅसिटर ती साठवून एकसारखी करून देतात. टाकी गळायला लागली की धार तुटते. मग संगणक मधेच बंद पडतो, कधी आपोआप पुन्हा सुरू होतो, चालता चालता निळा पडदा दाखवतो. आपण खापर फोडतो व्हायरसवर!

मावशी म्हणाली, ‘‘खरंच. शेवटची दोन वर्षं हे म्हणायचे, बटण चारदा दाबलं की चालू होतो.’’

‘‘तेव्हाच हाक मारायला हवी होती,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तेव्हा नुसते डबे बदलून भागलं असतं.’’ आता मात्र डब्यांशेजारचा भाग करपून बोर्ड काळा पडला होता. बोर्डाच्या पोटात तांब्याच्या पातळ रेघांचे थरावर थर असतात. ते भाजले की दुरुस्तीचा भरवसा राहत नाही. दुसरा बोर्ड शोधायला हवा होता, तोही जुनाच.

साऱ्या जगाला लागलेली कीड

मला वाटलं, वीस वर्षं झाली, वस्तू म्हातारी झाली, संपलं. पण हे दुखणं निव्वळ म्हातारपणाचं नव्हतं. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांना, टीव्हींना आणि विजेच्या पुरवठ्याच्या डब्यांना हीच व्याधी जडली होती. इंग्रजी पत्रकारांनी तिला कपॅसिटरचा प्लेग असंच नाव दिलं. प्लेगमुळे वसलेल्या मल्लेश्वरममध्ये बसून हे ऐकताना मला गंमत वाटली.

या डबीच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते आणि मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजलेला कागद. वीज चटकन घेता-देता यावी म्हणून या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढवण्याची रीत निघाली. स्वस्त आणि कामाला उत्तम. पण पाणी आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की एकमेकांना खातात आणि हायड्रोजन वायू सुटतो. ते थांबवणारी रसायनं द्रवात बेताने घालावी लागतात. त्या काळात तैवानमधल्या काही कारखान्यांच्या द्रवात ती नीट पडलीच नाहीत. एका जपानी कंपनीचं सूत्र कुणीतरी पळवलं, पण अर्धवटच पळवलं, अशा बातम्या २००३ साली छापून आल्या होत्या. सूत्राची कथा खरी असो वा नसो, परिणाम मात्र खरा होता. डबीत वायू कोंडायचा, डोकं फुगायचं आणि खाच फुटायची. डोक्यावरची ती फुलीसारखी खाच त्यासाठीच तर असते. डबी फटाक्यासारखी उडण्याऐवजी तिथे अलगद फाटावी म्हणून.

मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. २००५ साली डेल या अमेरिकन कंपनीने असे संगणक दुरुस्त करण्यासाठी आणि बदलून देण्यासाठी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला होता.

‘‘म्हणून जुना बोर्ड घेताना किती जुना ते आधी विचारायचं,’’ अण्णांनी बजावलं. ‘‘नव्वद सालच्या आगेमागेचा असेल तर घड्याळाची बॅटरी तपासायची. अठ्ठ्याण्णवचा असेल तर बरा. दोन-तीन सालातला असेल तर डोळ्यात तेल घालून बघायचा.’’

एस. पी. रोडवर

दुसऱ्या दिवशी संपिगे रोडच्या स्टेशनावरून आम्ही मेट्रो धरली. मी, नातू आणि अण्णा. पुढचं स्टेशन मॅजेस्टिक, त्यानंतरचं चिकपेट. मल्लेश्वरमची सावली मागे पडली आणि पेठांचं जुनं बंगळुरू सुरू झालं. साड्यांच्या, भांड्यांच्या, पुस्तकांच्या गल्ल्या ओलांडून आम्ही एस. पी. रोडला लागलो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, तसा बंगळुरूत एस. पी. रोड. हातभर रुंदीची दुकानं, छतापर्यंत रचलेल्या वायरी, चार्जर, पंखे, मोटारी. नव्या मालाच्या दुकानांमधून आत शिरलं की वरच्या मजल्यांवर जुन्या मालाची दुनिया लागते. आमच्यासारखी वेडी माणसं सोडून हा माल घेतं कोण, असं मला वाटलं होतं. कळलं ते नवलाचं. शहराजवळच्या पीण्या भागात हजारो लहान कारखाने आहेत. तिथली कातकाम करणारी यंत्रं, तपासणीची उपकरणं कितीतरी ठिकाणी जुन्या संगणकांवर चालतात. यंत्र लाखोंचं, त्याला आज्ञा देणारं कार्ड बसतं ते फक्त जुन्या बोर्डाच्या खाचेत. बोर्ड गेला तर यंत्र बसून राहतं. म्हणून धडधाकट जुन्या बोर्डाला आजही गिऱ्हाईक आहे आणि म्हणूनच फसवणूकही आहे.

पहिल्या दुकानात आम्हाला एक लखलखीत बोर्ड दाखवला. धुऊनपुसून नव्यासारखा. मी खूष. अण्णांनी भिंग लावलं आणि मान हलवली. प्रोसेसरजवळच्या डब्या बदललेल्या होत्या, पण एक काळी, एक निळी, एक हिरवी. मूळ डब्या सोळा व्होल्टच्या होत्या, त्याजागी एक दहा व्होल्टची बसवलेली. बोर्ड उलटा केला, तर डाग दिलेले सांधे मणभर कथिल ओतल्यासारखे.

‘‘चालू आहे साहेब, स्वल्प अॅडजस्ट माडि!’’ दुकानदार हसून म्हणाला. ‘थोडं जमवून घ्या’ हे बंगळुरूचं बोधवाक्यच. बसमध्ये, रांगेत, लग्नाच्या पंगतीत ते चालतं. व्होल्टच्या बाबतीत चालत नाही.

दुसऱ्या दुकानात त्याहून जुना, १९९२-९३ सालचा बोर्ड होता. त्याला डब्या मोजक्याच, सगळ्यांची डोकी सपाट. पण कोपऱ्यात पिंपासारखी एक छोटी बॅटरी आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी! जुन्या बोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती गळली की तिचा क्षार तांब्याच्या रेघा खात पुढे सरकतो. चांगले चांगले बोर्ड या एका बॅटरीने मारले आहेत. पुढे नाण्यासारख्या सपाट बॅटऱ्या आल्या आणि हा त्रास बराच कमी झाला.

तिसऱ्या दुकानातल्या बोर्डाच्या डब्या सपाट, बॅटरी नाण्याची, सांधे मूळचे. मी पर्स उघडलीसुद्धा! अण्णांनी बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरला. दोन डब्या बोर्डापासून किंचित वर उचलल्यासारख्या तिरक्या दिसत होत्या. डोकं फुगलं नसलं तरी तळाचं रबरी बूच बाहेर ढकललं गेलं होतं आणि खाली सुकलेला चिकटा. पाप वरून दिसत नव्हतं, खालून निघालं!

संध्याकाळ होत आली. पाय बोलायला लागले. चौथ्या दुकानातले म्हातारे गृहस्थ आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी मराठीत विचारलं, ‘‘कुठले तुम्ही?’’ त्यांचं आजोळ निपाणीचं! मावशीच्या कुलवृत्तांताची कथा ऐकून ते माळ्यावर चढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड घेऊन आले. धुळीने माखलेला, दिसायला अगदी गबाळा. एका कारखान्यातल्या तपासणी यंत्रातून काढलेला. त्यावर इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसंच होता. १९९८ साली आलेला हा संच स्थिरपणासाठी नावाजला गेला आणि त्यावरचे बोर्ड त्या वाईट काळाच्या आधीचे. पाठीमागे प्रिंटरची रुंद खाच शाबूत होती. प्रोसेसर, रॅम आणि पडद्याचं कार्ड असा सगळा जोड एकत्रच होता. हे महत्त्वाचं, कारण काकांच्या संगणकातली रॅम या बोर्डात बसलीच नसती.

गृहस्थांनी बोर्ड टेबलावर मांडला, विजेची जोडणी केली आणि स्मृती तपासणारा प्रोग्रॅम लावला. ‘‘आता दोन तास चहा-कॉफी घ्या. मी घाईने विकत नाही,’’ म्हणाले. दोन तासांनी एकही चूक नव्हती. अण्णांनी बोटाने डब्यांना हलकेच स्पर्श करून पाहिला. एकही तापलेली नव्हती. घासाघीस न करता पैसे दिले. खात्रीचे पैसे त्यात आलेच.

घेण्यापूर्वी काय पाहाल?

आपल्याकडेही कुणाच्या घरी जुन्या संगणकात हिशेब, कविता, पत्रिका, पाककृती अडकलेल्या असतील. म्हणून अण्णांकडून शिकलेल्या गोष्टी इथे देते.

१. बोर्डाला हात लावण्याआधी हार्ड डिस्कची नक्कल करून घ्या. बोर्ड दुसरा मिळतो, मजकूर मिळत नाही.

२. डब्यांची डोकी तिरप्या उजेडात पाहा. डोकं आरशासारखं सपाट हवं. किंचितही फुगवटा म्हणजे डबी गेली. प्रोसेसरभोवतीच्या डब्या आधी पाहा, तिथे उष्णता जास्त.

३. बोर्ड आडवा धरून डब्यांचे तळ पाहा. रबर बाहेर आलं आहे का? चिकटा आहे का? मात्र काही कारखाने डब्या हलू नयेत म्हणून पिवळट डिंक लावतात. तो वेगळा. डिंक डबीच्या बाजूला असतो, गळती तळातून किंवा डोक्यातून येते.

४. बदललेल्या डब्या असतील तर कुणी आणि कोणत्या घातल्या ते विचारा. व्होल्टचा आकडा मूळच्याइतका किंवा थोडा जास्त चालतो, कमी कधीही नाही. डबीवरची पट्टी ऋण बाजू दाखवते. ती उलटी बसली तर डबी फुटते.

५. बॅटरीजवळ हिरवट-पांढरी बुरशी असेल तर बोर्ड परत ठेवा.

६. सपाट डोकं म्हणजे निरोगी डबी असं नाही. काही डब्या आतल्या आत सुकतात. वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्यानेही त्या अशक्त होतात. त्यांचा अंतर्गत विरोध मोजणारं यंत्र जाणत्या कारागिराकडे असतं. ते नसेल तर बोर्ड दोन-चार तास चालवून पाहणं हाच उपाय.

७. विजेचा पुरवठा करणारा जुना डबा नव्या बोर्डाला जोडू नका. त्यातही हेच कपॅसिटर असतात. आजारी डबा नवा बोर्ड मारतो. तो उघडण्याचा प्रयत्न मात्र घरी अजिबात करू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज काही काळ राहते.

८. संगणक हवेशीर जागी ठेवा. अशा कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी कमी झालं की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. पंख्यावरची धूळ झाडणं हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

आणि मेलेला बोर्ड कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. त्यात शिसं असतं. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. नोंदणी केलेल्या संकलकाकडेच तो द्यावा.

पानावरची रिकामी जागा

रात्री मावशीच्या जेवणाच्या टेबलावर अण्णांनी बोर्ड बसवला. नवा विजेचा डबा, काकांची जुनी हार्ड डिस्क, पाठीमागे डाँगल आणि त्याच्या पाठीला प्रिंटर. बटण दाबलं. विंडोज ९८ ने आधी कुरकुर केली. नवं यंत्र ओळखीचं नाही म्हणून चार वेळा प्रश्न विचारले, दोनदा पुन्हा सुरू झाली. आणि मग पडद्यावर काकांच्या हातची सगळी फोल्डरं आली. मावशी देवापुढे उभी राहावी तशी उभी होती.

नातवाने फाइल उघडली. सुबक मराठी अक्षरं, रेघांचे तक्ते, पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या पिढ्या. मूळ पुरुष, त्यांची मुलं, बेळगाव सोडलेला पणजोबा, प्लेगच्या साली मल्लेश्वरमला आलेलं कुटुंब. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत बायका बहुधा एका ओळीत आटोपतात. ‘पत्नी अमुक, माहेर तमुक’. काकांनी तसं केलं नव्हतं. आजी, आई, चुलत्या, प्रत्येकीचं गाव, शिक्षण, तिने काय काय केलं, हे खोदून खोदून लिहिलं होतं.

मग मावशीचं पान आलं. वर तिचं नाव, जन्मसाल, लग्नाची तारीख. आणि खाली पानभर रिकामी जागा. मधोमध कंसात एकच ओळ होती, ‘हिला सावकाश विचारून लिहायचं.’

कुणीच काही बोललं नाही. मावशीने पदराने चष्मा पुसला. जरा वेळाने म्हणाली, ‘‘साठ वर्षांत सावकाश वेळ काही मिळाला नाही यांना.’’

पुढचे दोन दिवस आम्ही बाहेर पडलो नाही. प्रिंटर करकरत पानं काढत होता, नातू ती क्रमाने लावत होता. झाली की सगळी स्कॅन करायची आणि वेळ मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचा, म्हणजे पुढच्या पिढीला डाँगल शोधत हिंडायला नको, असं त्याने जाहीर केलं. अण्णा रोज संध्याकाळी येऊन डब्यांची डोकी पाहून जात.

आणि मी काकांच्या खुर्चीत बसून त्या रिकाम्या पानावर टाइप करत होते. मावशी शेजारी अवरे सोलत सांगत होती. ‘‘लिही. माझी शाळा गावाबाहेर होती. ओढा ओलांडून जावं लागायचं...’’